आधी फ्रेम बघू

चेन मी स्वतःच बदलली होती, आदल्या संध्याकाळी. जुनी चेन काढून स्टीलच्या पट्टीवर धरली, तेव्हाच ती गेलेली आहे हे कळलं होतं. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच अंतर असतं. चोवीस जोड मोजले की बरोबर बारा इंच भरायला हवेत. माझे बारा इंच आणि वर एक सूत भरले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, बारा इंचांवर साधारण शंभरात एक. खरं तर अर्धं सूत वाढलं की चेन बदलायची असते. मी साडेसहाशेची नवी चेन आणली, बसवली, गल्लीत दोन चकरा मारल्या. आवाज नाही, खडखड नाही. समाधानाने झोपले.

रविवारी पहाटे समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट चढायला घेतला. एका वळणावर चढ अंगावर येतो म्हणून उभी राहिले, सगळा भार उजव्या पायावर टाकला, आणि पायडल पायाखालून एकदम रिकामं गेलं. चेन मागच्या दातांवरून उडाली होती. गुडघा हँडलच्या दांड्यावर आपटला आणि मी डाव्या अंगावर रस्त्यात पडले. मागून गाडी येत नव्हती, एवढंच नशीब. कोपर सोललं, गुडघा संध्याकाळपर्यंत टम्म सुजला.

चूक चेनमध्ये नव्हती. लांबलेली चेन वर्षानुवर्षं फिरत राहिली की फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या गठ्ठ्याचे, दातही तिच्याच मापाने झिजत जातात. दोघं एकमेकांना सरावलेले असतात. मग बरोबर मापाची नवी चेन त्या झिजलेल्या दातांवर बसतच नाही. सपाटीवर ते जाणवत नाही, जोर आला की ती घसरते. मी विज्ञान शिकवते. हे मला आधी सुचायला हवं होतं याचं वाईट पायापेक्षा जास्त वाटलं.

घरी आल्यावर सगळ्यांचं म्हणणं एकच. तेरा वर्षं झाली, आता नवी घे.

ही सायकल मी २०११ मध्ये पुण्याहून आणली, १३,८०० रुपयांना. तेव्हाच्या माझ्या पगारात तो मोठा खर्च होता. २६ इंची चाकं, ॲल्युमिनियमची १६ इंची फ्रेम, पुढे ८० मिलिमीटरचं शॉकअप, व्ही-ब्रेक, पुढे तीन आणि मागे सात अशा एकवीस गिअरची. तिच्यावर मी शाळेत गेले, सज्जनगडच्या पायथ्याला गेले, ठोसेघरला गेले. सप्टेंबरात कास फुललेलं असताना गाड्यांची रांग लागायच्या आत, उजाडता उजाडता वर पोचायचं, ही माझी वर्षातली सगळ्यात आवडती सकाळ. मधली चार वर्षं ती जिन्याखाली उभी होती. मग मुलाने काढली. तो आता दहावीत आहे आणि उंचीने माझ्या डोक्यावरून गेला आहे. त्यामुळे त्याने सीट ओढून ओढून वर घेतली होती. ते मी पाहत होते, पण त्याकडे लक्ष द्यावं असं मला वाटलं नव्हतं.

सायकल घेऊन मंगळवार तळ्याजवळच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेले. त्यांना सगळी पेठ मामा म्हणते, मीही म्हणते. त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी, म्हणून ते मला बाई म्हणतात. मी म्हटलं, मामा, फ्रीव्हील टाका, ब्रेकचे रबर टाका आणि एक ओव्हरऑइलिंग करून द्या. किती होतील?

त्यांनी आकडा सांगितलाच नाही. "बाई, पैशाचं नंतर. आधी फ्रेम बघू. फ्रेम गेली असंल तर मी तुमच्याकडनं एक रुपाया घ्यायचा नाही."

आठवडाभर मी नवी की जुनी यावर डोकं शिणवत होते, कागदावर दोन रकाने पाडून रकमा मांडत होते. त्या कागदाला फ्रेम ठाऊकच नव्हती. फ्रीव्हील, चेन, रिम, ब्रेक, पुढचं चाक धरणारा फोर्क, सगळं बदलता येतं आणि प्रत्येकाला किंमत आहे. फ्रेम बदलली तर मग ती सायकल राहिलीच कुठे?

मामांनी सायकल स्टँडला टांगली, सीटचा दांडा काढायला गेले तर तो हलेना. दांडाही ॲल्युमिनियमचा, फ्रेमही ॲल्युमिनियमची, मध्ये वर्षांचं पावसाचं पाणी. पांढरी भुकटी धरून दोन्ही एकजीव झाल्यासारखे झाले होते. तेल सोडून दोन दिवस ठेवला, मग सीट धरून पिळून पिळून काढला. बाहेर आल्यावर मामांनी दांड्यावरची रेघ दाखवली. किती आत राहिला पाहिजे याची ती खूण असते. ती खूण फ्रेमच्या वर दोन बोटं आली होती, म्हणजे माझा साठ किलोचा मुलगा महिनोन्महिने फ्रेमच्या सगळ्यात वरच्या तोंडावर तरफेसारखा जोर देत बसत होता. आणि नेमकं तिथेच, उभी नळी आणि वरची आडवी नळी जिथे जोडली आहे त्या जोडाखाली, रंगात केसासारखी एक रेघ होती. सेंटिमीटरभर. नखाला लागत नव्हती.

मामा काही बोलले नाहीत. मला मात्र घाटाची उतरण डोळ्यांपुढे आली.

लोखंडाची फ्रेम असती तर तडा भरून घेता आला असता. ॲल्युमिनियमचं तसं नाही. एमआयडीसीत आर्गन वेल्डिंग करून देणारे आहेत, एकाने फोनवर चारशे रुपये सांगितलेही. पण ॲल्युमिनियमच्या फ्रेमला कारखान्यात वेल्डिंगनंतर पुन्हा तापवून, ठरावीक पद्धतीने मुरवून ताकद आणलेली असते. नंतर नुसतं वेल्डिंग केलं की त्या जागेभोवतीचा धातू मऊ पडतो. तडा बुजलेला दिसतो, पण त्याच्या शेजारचा भाग पहिल्यापेक्षा कच्चा झालेला असतो. शिवाय लोखंडावर ताण एका मर्यादेच्या आत असेल तर ते जवळजवळ कितीही हेलकावे सोसतं, ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. लहान हेलकावेही साठत जातात. म्हणून तडा असेल तर विषय संपला, हे मी तिथेच ठरवलं. दुसऱ्या कुणाला ती फ्रेम विकायचीही नाही.

पण तडा आहे की फक्त रंगाची रेघ आहे, हे ठरवायचं कसं? तेव्हा मला खडू आठवला. फार जुनी पद्धत आहे, रेल्वेचे आस पूर्वी असेच तपासत. पातळ तेल तड्यात शिरतं, केशाकर्षणाने. वरून तेल पुसून घ्यायचं आणि खडूची पूड फासायची. तडा असेल तर आतलं तेल पुडीत ओढलं जातं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. नववीच्या मुलांना मी केशाकर्षण शिकवते ते काचेच्या बारीक नळीतून. मामांकडे पार्ट धुवायला रॉकेल होतं, माझ्या पर्समध्ये खडू होता. जोड नीट पुसला, रॉकेल लावलं, वीस मिनिटं थांबलो, कोरड्या फडक्याने पुसलं, खडू किसून पूड चोळली. मामा चहा सांगून आले. मी बॅटरीच्या उजेडात त्या जागेकडे बघत बसले. पंधरा मिनिटांनी पूड पांढरीच होती.

मामांचा विश्वास बसला नाही, आणि ते बरोबरच होतं, कारण मध्ये रंगाचा थर होता. त्यांनी ब्लेडने तेवढ्या जागेचा रंग खरवडला, खालचा धातू उघडा केला. पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. पुन्हा पांढरं. तसंच मग हँडलखालच्या जोडाला, खाली पायडलच्या नळीपाशी आणि मागच्या दोन्ही दांड्यांना केलं. सगळीकडे पांढरं. रंगच तडकला होता.

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या तिथे म्हटलं, मामा, करून टाका सगळं. पण आता त्यांनीच मला थांबवलं आणि पुढचं चाक हातात दिलं. "रिमवर पट्टी धरा."

व्ही-ब्रेकचे रबर रिमच्या बाजूला घासतात. रिमची ती भिंत सपाट हवी. माझी पट्टी मध्ये टेकतच नव्हती, खालून उजेड दिसत होता. भिंत वाटीसारखी आत गेली होती. नव्या रिमला झीज कळावी म्हणून बारीक खाच असते, ती तर केव्हाच पुसली गेली होती. कासच्या रस्त्याची, जांभ्याची तांबडी माती ओल्या रिमवर बसते आणि ब्रेक दाबला की पॉलिश पेपरसारखी घासते. इतके पावसाळे. आत ट्यूबची हवा भिंतीला बाहेर ढकलत असते, आणि भिंत पातळ झाली की एक दिवस उतारावर ब्रेक दाबताना ती फाटते. मागची रिमही तशीच. फ्रीव्हीलसाठी आलेली मी, दोन्ही चाकं नव्याने बांधायची हे ऐकून घरी गेले.

पुढच्या दोन दिवसांत मामांनी सगळं उघडून यादी दिली. डबल वॉलच्या ॲल्युमिनियम रिमा दोन, १,९०० रुपये, पुण्याहून मागवायच्या. बहात्तर स्पोक ७२० रुपये, चाकं बांधून त्यांचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायची मजुरी ८००. फ्रीव्हील ८५०. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, ९००, कारण जुन्याची स्प्रिंग सैल. ब्रेकचे पॅड ५००, केबल ४००. पायडलच्या नळीतली बीबी, म्हणजे पायडलचे दांडे ज्यावर फिरतात तो आस आणि छर्रे, १,१००. टायर दोन १,५००, जुन्यांच्या भिंती चिरल्या होत्या. मागचा एक्सल वाकला होता, तो आणि कोन-छर्रे ३५०. शॉकअपच्या नळ्यांना गंजाचे खड्डे पडले होते आणि ते दाबलं की तेल नाही, नुसतं पाणी येत होतं. तसं नवं शॉकअप चार हजारांच्या पुढे, साधा लोखंडी फोर्क २,२००. मजुरी १,५००. साधा फोर्क धरून एकूण १२,७२० रुपये.

१३,८०० ला घेतलेल्या सायकलीवर १२,७२०! घरी हा आकडा सांगितल्यावर कुणी बोलायलाच तयार नाही. मलाही रात्रभर तो टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी शोरूममध्ये गेले. खरोखर घ्यायच्या तयारीने गेले होते, हे सांगायला हवं. तिथे चोवीस हजारांना एक होती, साडेसत्तावीस इंची चाकांची, डिस्क ब्रेकची, देखणी. मी तिच्यापुढे खाली बसले आणि दात मोजायला लागले. मागे सर्वांत मोठी चकती २८ दातांची, पुढे सर्वांत लहान २८. माझ्या जुन्या सायकलीवर हेच होतं. वहीत हिशोब केला. २८ ला २८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा. माझ्या चाकाचा घेर २.०६ मीटर, हिचा २.१७. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरवर ही सायकल माझ्यापेक्षा जड पडणार, कारण चाक मोठं. मागे तसंच आटे असलेलं सात चकत्यांचं फ्रीव्हील, तसाच एक्सल, तसंच स्प्रिंगचं शॉकअप. डिस्क ब्रेक केबलचे. सायकल वाईट नव्हती. सपाट रस्त्यावर रोज वीस किलोमीटर जाणाऱ्याला ती चांगली साथ देईल. पण चोवीस हजार देऊन मला माझीच २०११ ची सायकल परत मिळत होती, मोठ्या चाकांवर.

शेजारी पन्नास हजारांच्या आसपास एक उभी होती. ती मी चालवून पाहिली आणि तिच्याबद्दल मी काहीही कमी बोलणार नाही. ऑइलचे डिस्क ब्रेक एका बोटावर थांबतात. व्ही-ब्रेकला पावसात आधी रिम पुसून घ्यावी लागते, पहिले काही फेरे सायकल थांबतच नाही, आणि हा फरक घाटात जिवाचा असतो. पुढे एकच चकती, मागे कॅसेट, म्हणजे आट्यांशिवाय हबवर सरकवून बसवलेल्या चकत्या, आणि पुढे हवेचं शॉकअप. फरक खरा आहे. पण त्या दुकानात तो पन्नास हजारांच्या आसपास सुरू होत होता, चोवीसला नाही.

तिथून बाहेर पडताना मला माझी चूक कळली. मी १२,७२० ची तुलना १३,८०० शी करत होते. ते १३,८०० तर २०११ मध्येच खर्च झाले, वसूलही झाले. तुलना करायची ती आज या १२,७२० मध्ये बाजारात घाट चढणारी दुसरी कुठली सायकल मिळते याच्याशी. मला ती मिळाली नाही. माझ्यापुढे दोनच खरे रस्ते होते, जुनी दुरुस्त करणं किंवा पन्नास हजार. मी पावसात उतरणीवर जात नाही, खडकाळ पायवाटांवर जात नाही, उड्या मारत नाही. मी घाट चढते, डांबरावर आणि अधूनमधून कच्च्या रस्त्यावर. त्यासाठी पन्नास हजारांची गरज नव्हती.

मग यादीकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. आहे तसंच परत का बसवायचं? फ्रीव्हील बदलायचंच तर १४–२८ ऐवजी १४–३४ घेतलं. त्यात सातवी चकती सहावीपेक्षा एकदम दहा दातांनी मोठी असते. सपाटीवर ती लागत नाही, घाटासाठीच ठेवलेली असते. २८ ला ३४ म्हणजे एका फेऱ्यात २.०६ ऐवजी १.७० मीटर. पंचेचाळिशीतल्या गुडघ्याला हा फरक फार मोठा आहे. डिरेलर नवा घ्यायचाच होता, तो ३४ दात पेलणारा घेतला.

एक गोष्ट मामांना करायची होती आणि मी नाही म्हटलं. मागचं चाक नव्याने बांधतोय तर हबही, म्हणजे चाकाचा मधला तुंबाही, कॅसेटचा टाकू, असं ते म्हणत होते. मुद्दा योग्य होता. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात आणि त्यापुढे एक्सल आधाराशिवाय राहतो, म्हणून तो वाकतो. पण तेरा वर्षांत एकदा वाकला, तोही बहुधा चिरंजीवांनी पायऱ्या उतरवल्यामुळे. साडेतीनशेत काम होत होतं. तिथे मी थांबले.

फोर्कचं काम सगळ्यात नाजूक निघालं. शॉकअपची उंची साध्या फोर्कपेक्षा जास्त असते. पहिल्यांदा आलेला फोर्क चार सेंटिमीटर बुटका होता. तो बसवला तर पुढचा भाग खाली जाऊन हँडलचा कोन जवळजवळ दोन अंशांनी उभा झाला असता आणि उतरणीला सायकल बावचळली असती. मामांनी तो परत पाठवला आणि शॉकअपच्या मापाचा मागवला. त्यात आठ दिवस गेले. फोर्कच्या फ्रेममध्ये जाणाऱ्या नळीचं माप एक इंच आणि एक सूत, जुनं सरळ माप. नव्या महाग सायकलींत ती नळी खाली रुंद असते. माझ्या सायकलीची सगळी मापं अशी जुनी, साधी आहेत. म्हणूनच तिचे पार्ट अजून मिळतात आणि २६ ची ट्यूब मेढ्याच्या बाजारातही मिळते.

बीबी काढताना मामांनी मुलाला शेजारी बसवलं. उजवीकडचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतात. हे माहीत नसलेला माणूस जोर लावून तेच घट्ट करत बसतो. मुलाने पाना स्वतः फिरवला. तो सुटला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

त्याचा प्रश्न मात्र या सायकलीने सुटणार नव्हता. १६ इंची फ्रेम त्याला लहान आहे, आणि सीट वर ओढून ती मोठी होत नाही. पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याच्या ओळखीत एक मुलगा शिकायला बाहेरगावी चालला होता, त्याची १८ इंची, ऑइलच्या डिस्क ब्रेकची सायकल सतरा हजारांना मिळाली. घ्यायला आम्ही दोघं गेलो. जाताना त्याच्या खिशात स्टीलची पट्टी आणि खडू होता. चेन त्यानेच मोजली. अर्ध्या सुताच्या आत होती.

माझी सायकल मार्चच्या शेवटी हातात आली. शॉकअप गेल्याने सव्वा किलोने हलकी झाली आहे. कच्च्या रस्त्यावर मनगटांना दणके बसतात, ते खरं आहे. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की सोसतं. पहिल्या रविवारी त्याच घाटात, त्याच वळणावर मी उभी राहिले नाही, बसूनच मागची मोठी चकती घेतली. चेन चढायला क्षणभर लागतो, दहा दातांची उडी असते ना. मग ती बसली, आणि मी शांतपणे, चालणाऱ्या माणसापेक्षा थोड्याच वेगाने, वर गेले. वर थांबून सातारा बघितला. अजिंक्यतारा उन्हात आला होता. उतरताना दोन्ही ब्रेक आलटून पालटून दाबत आले. रिम हाताला गरम लागली, पण आवाज नव्हता.

पुढचा हब अजून मूळचाच आहे. मामा म्हणतात पावसाळ्याआधी त्याचे छर्रे बदलून ग्रीस भरून घेऊ, शंभर-सव्वाशेचं काम आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात सायकल त्यांच्याकडे टाकायची आहे.